पाण्याबद्दलचा आक्षेप, आणि लेखातली खरी चूक

नमस्कार. एकेका पेशीच्या अवरक्त वर्णपटावरील (म्हणजे पेशी कोणत्या तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश किती शोषते, त्या आलेखावरील) माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत: पेशीत बहुतांश पाणीच असल्याने प्रथिनांचा संकेत त्यात बुडून जातो, आणि तरंगलांबी जवळजवळ पेशीएवढीच असल्याने आतले काही दिसणे शक्य नाही. पहिला आक्षेप मला बव्हंशी मान्य आहे, दुसरा तितकासा नाही. लेखातली खरी चूक मात्र आपल्या नजरेतून सुटली आहे.

पाण्याच्या एका कंपनाचा शोषणपट्टा १६४० प्रति सेंटिमीटर या तरंगसंख्येच्या (एका सेंटिमीटरात मावणाऱ्या लहरींच्या संख्येच्या) आसपास येतो आणि प्रथिनांचा अमाइड-१ पट्टा (त्यांच्या साखळीतल्या पेप्टाइड बंधांच्या कंपनाचा) १६५० च्या आसपास, म्हणजे जवळपास त्याच जागी. म्हणून जिवंत पेशी मोजताना दोन खिडक्यांमधला (अवरक्त प्रकाश आरपार जाऊ देणाऱ्या चकत्यांमधला) द्रवाचा थर १० मायक्रोमीटरच्या आत ठेवावा लागतो. तरीही शेजारच्या रिकाम्या जागेचा वर्णपट वजा करताना गोम राहतेच. पेशीने स्वतःपुरते पाणी बाजूला सारलेले असते, त्यामुळे सरसकट वजाबाकीत पाणी गरजेपेक्षा जास्त वजा होते.

तरंगलांबीचे म्हणाल, तर अमाइड-१ पाशी ती सुमारे ६ मायक्रोमीटर भरते आणि सस्तन प्राण्यांच्या पुष्कळशा पेशी १० ते २० मायक्रोमीटरच्या असतात. केंद्रकाच्या आतला तपशील त्यातून मिळणार नाही. पण औषधानंतर संपूर्ण पेशीतले प्रथिने आणि मेद यांचे प्रमाण बदलले का, एवढेच विचारायचे असेल तर सरासरी वर्णपट पुरतो.

आता चूक. वाळवलेल्या पेशींत अमाइड-१ चे शिखर कमी तरंगसंख्येकडे सरकलेले पाहून प्रथिनांची घडण बदलली, असे मी लिहिले. वास्तविक गोलसर पेशी प्रकाश विखुरते, आणि शोषणपट्ट्यापाशी अपवर्तनांक झपाट्याने बदलत असल्यामुळे त्या विखुरण्यानेच शिखर सरकल्याचा भास होतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी यांनी १९०८ साली गोल कणांसाठी मांडलेले गणित इथे लागू पडते (हे ‘मी’ आडनाव आहे, सर्वनाम नव्हे). त्याची खूण म्हणजे अमाइड-१ च्या उंच तरंगसंख्येकडच्या कडेला आलेख अचानक पायारेषेखाली बुडी मारतो. माझ्या दुसऱ्या आकृतीत ती बुडी स्पष्ट आहे; मी ती उपकरणाचा दोष समजून सोडून दिली होती. यावर संगणकीय दुरुस्ती करता येते, पण ती एका संदर्भ-वर्णपटाच्या आधाराने चालते, आणि त्या गणनेच्या पुनरावृत्तीच्या फेऱ्या कमी पडल्या तर उत्तरात त्या संदर्भाचीच छटा उतरते.

घडणीबद्दलचा तो परिच्छेद मी काढून टाकला आहे. आकृती मात्र बुडीवर बाण दाखवून तशीच ठेवली आहे.