आवाज येऊन राहिला

मराठीला आवाजांची कमी नाही. खडखड, खुळखुळ, किरकिर, चरचर, घरघर, टकटक. जुनी स्कूटर दारात उभी राहिली की पहिल्याच आठवड्यात हे सगळे पाहुणे येऊन जातात. पण गॅरेजात यातला एकही शब्द चालत नाही. तिथे निदानं दोनच : 'नॉर्मल आहे न भाऊ' आणि 'इंजन खोलावं लागन'. पहिल्याचे पैसे पडत नाहीत, दुसऱ्याचे किती ते खोलल्यावर कळतं.

त्यातून आवाजाला माणसं ओळखू येतात. मेडिकल चौकापासून सक्करदऱ्यापर्यंत इमानेइतबारे सोबत करतो आणि मिस्त्रीने कान लावला की गप्प. यात त्याचा लबाडपणा नाही. थंड इंजिनाची टकटक तापल्यावर विरते आणि तापल्यावर निघणारा आवाज सकाळी सापडत नाही. म्हणून मिस्त्रीला आवाज तोंडाने काढून दाखवू नये, मीही ते सोडलं. 'कधी' येतो ते सांगावं. उभ्या गाडीत, उचल घेताना, चाळीसच्या वर, की इंजिन बंद करून ढकलतानाही? एवढ्या चौकशीत निम्मी गाडी निर्दोष सुटते.

त्याआधी डिक्की रिकामी करा. पाना, कुलूप, मागच्या मालकाची सुटी नाणी, सगळं. मग गाडी सिमेंट रोडवरून उतरवून डांबरावर चालवा. नागपुरात सिमेंटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे आहेत, त्यांची टकटक वेगाबरोबर वाढते आणि लोक चाकाचं बेअरिंग बदलून बसतात.

बेअरिंगची परीक्षा फुकट आहे. गाडी मेन स्टँडवर घ्या, कोणाला तरी मागे दाबायला लावून पुढचं चाक उचला, हाताने फिरवा. घरघर ऐकू येते का? टायर वर-खाली धरून हलवल्यावर चाक डुगडुगतं का? चाक तसंच उचललेलं असताना हँडल सावकाश डावी-उजवीकडे वळवा. अगदी सरळ रेषेत आलं की खाचेत बसल्यासारखं अडकत असेल, तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग, गेला. खड्ड्यात किंवा पुढचा ब्रेक दाबल्यावर 'टक्' होतं ते बहुधा त्याचंच. नुसती चरचर असेल तर ड्रममध्ये ब्रेक-लायनरची धूळ. उघडून साफ करायची.

हवेचं सांगायला लाज वाटते, पण सांगतो. बऱ्याच ११० सीसी गाड्यांना पुढे २२ आणि मागे २९ पीएसआय लागते, डबलसीट असेल तर मागे जास्त. ती सकाळी, टायर थंड असताना मोजायची. मे महिन्यात दुपारी, सीताबर्डीत दोन चकरा मारून मोजलेली हवा ही हवा नसून उन्हाचा पारा असतो. महिनोन्महिने एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर खालून चपटा बसतो; मग धप-धप होते, ती हवा भरून जातेच असं नाही.

मागचं चाक वेगाबरोबर कुईं करत असेल तर फायनल गिअरचं, म्हणजे मागच्या चाकाजवळच्या गिअरच्या डब्यातलं, ऑइल बघा. इंजिन ऑइल सगळे बदलतात, हे १००-१२० मिली कोणाच्या खिजगणतीत नसतं.

खरी गंमत डाव्या बाजूला, बेल्टच्या झाकणाखाली. झाकणाला बहुतेक गाड्यांत ८ नंबरचे बोल्ट. आत पुढे व्हेरिएटर, म्हणजे वेगाप्रमाणे बेल्टचा घेर बदलणारी पुली, त्यात ६ रोलर. नवा रोलर गोल, जुना एका बाजूने चपटा. त्यांच्या पाठीवरच्या प्लेटला ३ प्लास्टिकच्या गिट्ट्या असतात, त्या झिजल्या की प्लेट खुळखुळते. खूण अशी : उभ्या गाडीत खडखड, अॅक्सिलरेटर जरा दिला की बंद. रोलर बदलायचे तर सहाही, एकाच वजनाचे. बेल्ट साधारण २०-२४ हजार किलोमीटर टिकतो. पण सेकंड हँड गाडीच्या मीटरवर विश्वास ठेवणारा माणूस मी अजून पाहायचाय, तेव्हा बेल्ट उलटा वाकवून दातांच्या मुळाशी चिरा बघा.

व्हेरिएटरचा नट काढताना त्याच्यावरच्या पंख्याच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर घालून तो अडवणारे मिस्त्री असतात. एक पातं तुटलं की पंख्याचा तोल गेला, म्हणजे थरथर दुरुस्त करताना नवी थरथर पदरात. पकडायला होल्डर मागा, वरून 'इतकं काय भाऊ' ऐकून घ्या.

सिग्नल सुटल्यावर १०-२० च्या वेगात गाडी अंगात आल्यासारखी थरथरते ते क्लचचं. क्लचचे शूज, म्हणजे घासून पकड घेणारे तुकडे, गुळगुळीत झालेले असतात आणि त्यांच्याभोवतीच्या वाटीत, म्हणजे घंटीत, धूळ. घंटी आतून पॉलिश पेपरने घासायची, शूजवरून हलका हात फिरवायचा, तोंडाला रुमाल बांधून. घंटी निळी पडली असेल तर ती बदलाच. आणि इथे 'आवाज येऊन राहिला' म्हणून ऑइल सोडणाऱ्याला गाडीजवळ उभं करू नये. बेल्ट घसरेल, आवाज तसाच राहील.

उभ्या गाडीत फूटबोर्ड झिणझिणत असेल तर इंजिन जिथे टांगलंय तिथले रबरी बुश, किंवा अॅव्हरेजच्या हावेपायी कमी करून ठेवलेलं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग. टॅपेटच्या, म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाच्या, टकटकीला मात्र घाबरू नका. त्याची व्हॉल्व्हपासूनची गॅप थंड इंजिनावर मोजायची, फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पत्र्यांनी. थोडा वाजणारा टॅपेट बरा. अगदी मुका म्हणजे फार कसलेला, तो व्हॉल्व्ह जाळतो.

उरलेली किरकिर प्लास्टिकची. आपल्या उन्हात पॅनेलचे लॉक वाळून पटापट मोडतात. गाडी सुरू ठेवून एकेक पॅनेल तळव्याने दाबत जा, जिथे आवाज थांबेल तिथे सायकलच्या ट्यूबचा तुकडा. नंबरप्लेटपासून सुरुवात करा. एमएच ३१ असो की ४९, नाचते सारखीच.

एवढं राहिलं : बेल्टच्या झाकणाचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून जिथला तिथे खोचून ठेवा. नाहीतर शेवटी मिस्त्रीच्या बशीत एक बोल्ट उरतो, तो 'एक्स्ट्रा आहे' म्हणतो आणि अजनीच्या पुलापर्यंत पोचेस्तोवर झाकण खुळखुळायला लागतं.