सहा महिन्यांचे रहिवासी

"सहा महिने येणाऱ्या पाहुण्यांसाठी बारा महिने राहणाऱ्यांनी का अडून बसायचं?"

प्रश्न माझ्या चुलतभावाचा. आम्ही सगळी भावंडं त्याला दादा म्हणतो. नेरूळला राहतो, सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि घरच्या ग्रुपवर त्याच्या वाक्यांना भराभर अंगठे मिळतात. विषय फ्लेमिंगोंचा होता. नेरूळच्या डीपीएस तलावात खाडीचं पाणी येण्याची वाट बुजली, 2024 च्या उन्हाळ्यात तिथे पक्षी मेले, रहिवासी आणि पर्यावरणवाले रस्त्यावर उतरले आणि पुढे 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो तलाव संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. दादाच्या मते हे सगळं जरा अतीच झालं. एवढ्या मोक्याच्या जागेवर काय काय होऊ शकलं असतं, याची यादी त्याच्याकडे तयार असते आणि त्यात पार्किंग नेहमी पहिलं.

वाक्य मला झोंबलं. मी उलट लिहिलं, त्यावर तो म्हणाला, "तू तिकडे बसून बोलू नकोस गं, इथे राहून बघ." मग मी दोन दिवस गप्प होते. हे उत्तर तेव्हा द्यायचं राहिलं होतं.

इथे अमेरिकेत, मिनेसोटात, एप्रिल लागला की सगळ्यांच्या तोंडी आइस-आउट असतं, म्हणजे तलावावरचा बर्फ जाणं. ऑफिसात, कोपऱ्यावरच्या दुकानात, मुलीच्या पोहण्याच्या क्लासबाहेर थांबलेल्या आयांमध्येसुद्धा. कुठल्या तलावाचा बर्फ गेला, कुठला अजून अडून बसलाय. मिनेटोंका तलावाच्या या तारखा 1855 पासूनच्या सापडतात. बर्फ गेला की लून येतो, बुड्या मारणारा इथला पाणपक्षी, आणि किती लगेच येतो ते पाहिल्याशिवाय पटत नाही. दक्षिणेकडच्या ज्या नद्या लवकर मोकळ्या होतात तिथे हे पक्षी थांबून राहतात, मधूनच उडून वर उत्तरेला चक्कर मारतात, आपला तलाव अजून गोठलेलाच दिसला की मागे फिरतात. आधी नर येतो. मादी काही दिवसांनी.

ही घाई हौसेची नाही. लूनची हाडं इतर पक्ष्यांसारखी पोकळ नसतात, बरीचशी भरीव असतात. त्यामुळे तो खोल बुडी मारू शकतो, पण अंगाने जड होतो. पाय पार शेपटीशी, त्यामुळे जमिनीवर चालणं जवळजवळ नाहीच. उडायचं तर पाण्यावरून पंख फडफडवत लांबवर धावावं लागतं. पावसाने ओला झालेला डांबरी रस्ता रात्री वरून पाण्यासारखा दिसतो, त्यावर चुकून एखादा लून उतरला तर माणसाने उचलून तळ्यात सोडेपर्यंत तो तिथेच. थोडक्यात, मोकळं पाणी असेल तर लून आहे, नाहीतर नाही.

या एप्रिलमध्ये आम्ही ब्रेनर्डजवळ मित्राच्या केबिनवर होतो. बर्फ जेमतेम गेला होता. काठाला काळपट, सुयांसारखे सुटलेले तुकडे वाऱ्याने ढकलून आणले होते आणि ते एकमेकांवर आपटून काचेच्या बांगड्यांसारखे किणकिणत होते. शेजारचे आजोबा छातीपर्यंत वेडर्स घालून पाण्यात उभे राहून डॉक, म्हणजे होडीचा धक्का, टाकत होते, मुलगा काठावरून सूचना देत होता आणि ते त्यातली एकही ऐकत नव्हते. तेवढ्यात एक पक्षी खाली आला. बदकं पाय पुढे करून उतरतात, हा पोटावर घसरत आला आणि मागे पाण्याची लांब पांढरी रेघ उठली. थांबला, मान ताठ केली, मग चोच आणि डोकं पाण्यात घालून खाली काय आहे ते पाहून घेतलं. पाठीवर बुद्धिबळाच्या पटासारखे पांढरे चौकोन. डोळा इतका लाल की दुर्बीण खाली ठेवल्यावरही आठवत राहतो.

आजोबांनी पाना बाजूला ठेवला आणि आत हाक मारली, "आमचा आला गं!"

आमचा! गेल्या ऑक्टोबरपासून हा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर नाहीतर मेक्सिकोच्या आखातात होता. दादाच्या हिशेबाने हाही सहामाही पाहुणाच. तरी या राज्याने 1961 मध्ये त्याला राज्यपक्षी केला. अलास्का सोडलं तर अमेरिकेत सर्वांत जास्त लून इथे, सुमारे 12,000. 2024 मध्ये राज्याची नवी मुद्रा आली तिच्यावर तोच बसलाय, लाल डोळ्यासकट. लॉटरीच्या तिकिटावर तो, मगवर तो, पाहुण्यांच्या खोलीतल्या उशीवर तो. वर्गास गावात त्याचा 20 फुटी पुतळा आहे. (पुतळ्यांच्या बाबतीत आपण मागे नाही. नवी मुंबईच्या चौकाचौकांत फ्लेमिंगो उभे आहेत, महापालिका शहराला फ्लेमिंगो सिटी म्हणवते. जिवंत पक्ष्यांना भरतीच्या वेळी टेकायला जागा हवी म्हटलं की मात्र कपाळावर आठ्या.)

ही भरतीची गोष्ट दादाला मी अनेकदा सांगून पाहिली. ठाणे खाडीत 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022 मध्ये खाडीला पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जाही मिळाला. मग आणखी तलाव कशाला, हा त्याचा सवाल. पण फ्लेमिंगो खातात ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो आणि तेवढे तास या हजारो पक्ष्यांना उथळ पाण्यात, पाय टेकतील अशा ठिकाणी थांबावं लागतं. ते थांबे म्हणजे नेरूळ-सीवूड्सच्या या पाणथळ जागा. थांबे बंद करायचे आणि अभयारण्याचा बोर्ड तेवढा ठेवायचा, याला काय म्हणावं? मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून जवळजवळ 40 फ्लेमिंगो एका रात्रीत पडले, तेव्हा याच दादाने रडकी इमोजी टाकली होती.

शिवाय त्यांना परदेशी पाहुणे म्हणायची वर्तमानपत्रांची सवय मला कळत नाही. त्यातले बरेच येतात कच्छहून. कच्छ परदेश कधी झाला?

इथल्या लोकांचं मला एक फार आवडतं, आणि ते मी दादाला पुन्हा पुन्हा ऐकवते. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात बीपी या तेल कंपनीच्या विहिरीतून तेल सांडलं. मिनेसोटापासून तिथपर्यंत दोन हजार किलोमीटर तरी असतील, पण इथले लून हिवाळ्यात तिथे असतात. म्हणून भरपाईच्या पैशातला वाटा लूनसाठी मिनेसोटाला मिळाला. त्यातून इथल्या तलावांचे काठ राखण्याचं आणि मासेमारीतलं शिसं कमी करण्याचं काम चाललं आहे. पक्षी सहा महिने लांब असतो म्हणून तो आपला नाही, असं कोणी म्हटलं नाही. उलट तो तिकडे असतानाही आमचाच, म्हणून खर्च झाला.

दादा काही कच्च्या गुरूचा चेला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने शोधून काढलं की याच मिनेसोटात शिशाच्या मासेमारी साहित्यावर राज्यभर बंदी नाही. न्यू हॅम्पशरने छोट्या वजनांच्या शिशावर बंदी आणली, इथे मात्र नुसतं आवाहन. लून पचनासाठी तळाशी पडलेले खडे गिळतो, त्यांच्याबरोबर शिशाचं एखादं वजन पोटात गेलं की काही आठवड्यांत मरतो. "तुमचे आजोबा डॉक टाकतात, मग त्यांच्या डब्यात कसली वजनं आहेत ते विचार की," दादा म्हणाला. मी विचारलं नाही. मिनेसोटात केबिनवर जाऊन यजमानांच्या शेजाऱ्याला असलं काही विचारत नाहीत. आणि पॉन्टूनच्या, म्हणजे सपाट मोटरबोटीच्या, लाटांनी पाण्याच्या कडेचं घरटं वाहून जातं हेही मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं, कारण त्या पॉन्टूनवर बसून आम्हीच फोटो काढले होते.

मग त्याने दुसरा दगड मारला, तो जरा वर्मी लागला. "लून तिथे अंडी घालतो. फ्लेमिंगो इथे घालत नाहीत, ते कच्छच्या रणात घालतात. इथे फक्त खायला येतात. म्हणजे घर कुठलं?"

मुद्दा खरा आहे. जिथे पिल्लं होतात ते घर, असं धरलं तर माझं घर हेच. मुलगी इथल्या हॉस्पिटलात जन्मली, नेरूळ तिच्या लेखी आजीचं गाव. लूनची पिल्लं आणखी धीट निघतात. शरद ऋतूत आई-बाप आधी निघून जातात, पिल्लं मागून एकटी निघतात, कधी न पाहिलेल्या समुद्राकडे. दोन-तीन वर्षं तिकडेच काढतात आणि मग उत्तरेला, बहुतेक जन्मल्या तळ्याच्या आसपास परततात. वाट दाखवायला कोणी नसतं. माझ्या मुलीला नेरूळ स्टेशनवरून पश्चिमेला बाहेर पडायचं की पूर्वेला, हे दर वेळी सांगावं लागतं.

लूनचं जोडपं जन्मभर एकत्र राहतं, असं इथल्या भेटवस्तूंच्या दुकानातल्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. ते खरं नाही. विस्कॉन्सिनमध्ये जीवशास्त्रज्ञ वॉल्टर पायपर 1993 पासून लूनांच्या पायात रंगीत कडी घालून त्यांच्यावर नजर ठेवून आहेत, आणि दिसतं ते असं की लूनची निष्ठा तळ्यावर. जोडीदार बदलला तरी चालतो, तळं सोडवत नाही. दुसरा नर चालून आला तर तळ्यासाठी मारामारी होते आणि हरलेल्या जुन्या मालकांपैकी सुमारे 30 टक्के त्यात मरतात. ज्याला हुसकावलं तो जगलाच तर दुसरं तळं शोधतो. आणि तिथे त्याची हाक बदलते. नराची ती चढत जाणारी, हद्द सांगणारी हाक प्रत्येकाची वेगळी असते, पण नव्या तळ्यावर तोच नर वेगळ्या तऱ्हेने हाक देऊ लागतो.

दादाशी बोलताना माझ्या तोंडून अजून "काय रे" आणि "गपे" निघतं, ऑफिसात मी इथल्यांसारखं "यू बेच्चा" म्हणते आणि कोणी हसत नाही. पण हाकेच्या या शास्त्रापेक्षा मला जास्त जवळचा वाटतो तो हिवाळ्यातला लून. त्याच्याबद्दल मिनेसोटात कोणी बोलत नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो करडा होतो, पाठीवरचे चौकोन जातात, डोळ्याचा लाल रंग उतरतो, हाका जवळजवळ बंद. हिवाळ्याच्या शेवटी उडायची पिसं एकदम झडतात आणि काही आठवडे उडताही येत नाही. तिथे त्याला कोणी राज्यपक्षी केलेलं नाही. किनाऱ्यावर फिरणारे लोक त्याला बदक समजतात.

दादा "तू तिकडे बसून" म्हणाला तेव्हा लागलं ते हे. इथे मी चांगली आहे, पगार वेळेवर, रस्ते साफ, शेजारी दारात बर्फ साठला की न सांगता ढकलून जातात. पण इथल्या कुठल्याही वादात मी आवाज चढवलेला मला आठवत नाही. पालिकेची सभा असो, शाळेचा प्रश्न असो, मी मागच्या खुर्चीवर. भांडते ती फक्त नेरूळच्या तळ्यावरून, तेही तिथे नसताना. डिसेंबरात महिनाभर जाते, खाडीकडे चालायला जाते, सगळं जसंच्या तसं हवं असतं, आणि नसलं की पहिली तक्रार माझी. दादा बारा महिने वाहतूक, धूळ आणि पाणीकपात सोसतो. त्याची बाजू मला कळते, कळत नाही असं मी ग्रुपवर भासवते.

पण मग बारा महिने राहणाऱ्यांचा हिशेब करायचाच तर नीट करू. आमचे काका संगमेश्वरहून आले, सिडकोच्या सोडतीत घर लागलं म्हणून. नवी मुंबई वसवणारी ही सरकारी कंपनी 1970 ची. त्याआधी इथे 95 गावं होती, आगरी-कोळ्यांची, मिठागरं आणि मासेमारीवर जगणारी. दादाने फ्लेमिंगोंना विचारलेला प्रश्न त्यांनी आपल्याला विचारायला हवा होता. त्यांनी विचारलाही. 1984 मध्ये जासई परिसरात, सिडकोसाठी घेतलेल्या जमिनींवरून, दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जण गेले. तेव्हा त्या वादात आपण आलेले होतो की राहणारे? हे मी दादाला लिहिलं आणि ग्रुपवर पहिल्यांदाच बराच वेळ कोणाचा अंगठा आला नाही.

गेल्या महिन्यात तलावातलं पाणी खेळतं ठेवावं असा एक अर्ज रहिवाशांमध्ये फिरत होता. आईने त्याचा फोटो पाठवला. सहीसमोर पत्ता हवा, आणि तो स्थानिकच हवा. मी म्हटलं, माझा कसा चालेल? आई म्हणाली, "माझा लिही. तुझी पुस्तकं अजून माझ्याच माळ्यावर आहेत ना, मग?" मी नाव आणि तिचा पत्ता पाठवला, सही तिने केली की माझी म्हणून कोणी केली ते विचारलं नाही.

दादाचीही सही त्यावर होती, आमच्या वर तीन ओळी. शेजारी त्याने सुवाच्य अक्षरात सूचना लिहिली होती: पाणी जरूर यावे, परंतु काठाला ज्येष्ठांसाठी बाके व दुचाकींसाठी पार्किंग असावे. बाकांना माझी हरकत नाही. पार्किंगवरून वाद अजून चालू आहे.