बुढ्यांसाठी घरकुलं प्लॅन करून राहिले का? मग आधी हे वाचून घ्या

सगळ्यात पहिली गोष्ट म्हणजे बुढ्यांना काही विचारू नका. तुम्ही ग्रामपंचायतीत नवीनच निवडून आलेले, अंगावरचा गुलाल अजून निघाला नाही, उत्साहात एखाद्या दिवशी पाराजवळ गाडी लावाल आणि विचारून बसाल, "आजी, तुमाले काय पायजे?" आणि आजी सांगून मोकळी होईल. काय सांगेल? न्हाणीत धरायला एक दांडा पायजे. संडासात खाली बसलं की उठता येत नाही, खुर्चीवाला पायजे. टिन तापते. रात्री लाईटचं बटन सापडत नाही. झालं! आता या दांड्याचं भूमिपूजन कसं करणार सांगा, आमदारसाहेबांना काय न्हाणीत नेऊन नारळ फोडायला लावणार? सगळी दोन-चार हजाराची कामं, ना त्याचं टेंडर निघत ना बॅनर लागत. म्हणून विचारायचंच नाही. "ज्येष्ठ नागरिकांच्या गरजा विचारात घेऊन" एवढं ग्रामपंचायत विकास आराखड्यात टाइप करून टाका, मागच्या वर्षीच्या फाइलीत वाक्य तयारच असते, सचिव कॉपी-पेस्ट करून देतात.

मग जागा. गावठाणात, दवाखान्याच्या शेजारी, किराणा दुकानाच्या समोर एखादी पडीक जागा दिसत असेल तर तिकडे पाहू नका, तिथं दुकानाचे गाळे काढायचे आहेत हे तुम्हालाही माहीत आहे अन् मलाही. बुढ्यांसाठी आपली ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची जमीन आहे ना, नाल्याच्या पलीकडची. मोकळी हवा. शांतता तर इतकी की ऑगस्टमध्ये नाल्याला पूर आला की तिकडून कोणाचा आवाजच येत नाही. एसटी तिथं थांबत नाही, पण 75 वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास 2022 पासून फुकट आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही, तिकीटही नाही अन् गाडीही नाही, हिशोब बरोबर.

डिझाइनवर जास्त डोकं लावू नका. जोतं तीन फूट, पुढं पायऱ्या, कठडा नाही, संडास मागच्या अंगाला आणि तोही दोन पायऱ्या चढून. कोणी रॅम्पचं काढलंच तर नियम सांगतो 1:12 चा उतार, म्हणजे तीन फुटाच्या जोत्याला 36 फूट रॅम्प, एवढ्यात तर अर्धी गल्ली गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवून होते. सहा फुटाचा बांधून टाका, उभाच्या उभा. बुढा चढणार नाही पण दुपारी बकऱ्या बसतात, कोणाच्या तरी कामी येते. वर टिन टाका. मे महिन्यात आपल्याकडं पारा 45 च्या वर जाते, टिनाखाली काय होते ते विचारू नका (पहिला नियम आठवा, विचारायचंच नाही).

इथं कोणीतरी अतिशहाणा सेवाग्रामचं उदाहरण काढेल, की बाप्पा 1936 साली 66 वर्षांचा एक म्हातारा वर्ध्याजवळच्या खेड्यात येऊन राहिला, मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू, आणि आजही भर उन्हाळ्यात आत पाय ठेवला की बरं वाटते. त्याला शांतपणे सांगा, भाऊ, ते पाहायला शाळेची सहल नेऊ. घरकुल वेगळं. मातीची भिंत जिओ-टॅगच्या फोटोत कच्चं घर दिसते.

आता पात्रता, खरी कारागिरी इथं आहे. तुमच्या गावात अशी दहा-वीस घरं असतीलच जिथं समोर पोराचं स्लॅबचं घर आहे आणि मागं कोठा आहे. कोठ्यात एका बाजूला गोऱ्हा बांधलेला, दुसऱ्या बाजूला खाट, मधात जुन्या लुगड्याचा पडदा, खुंटीला गोळ्यांची पिशवी. बुढा-बुढी तिथं राहतात. पोरगा काही राक्षस नाही हो, त्याच्यावर स्लॅबचं कर्ज आहे, सोयाबीनचा भाव तुम्हाला माहीतच आहे, दोन खोल्यांत त्याचीच चार माणसं. पण आपल्याला त्यात पडायचं नाही. सर्व्हेवाल्याला समोरच्या दारात उभं करायचं, स्लॅबचा फोटो काढायचा, रेशनकार्ड एक म्हणजे घर एक, कागदावर बुढी पंख्याखाली झोपते. ती विभक्त कार्ड मागायला ग्रामपंचायतीत आलीच तर चार लोकांसमोर मोठ्यानं विचारा, "कावो आजी, पोराशी भांडण झालं का?" ती लगेच पदर सावरून म्हणते, "नाही बापा, भांडण कायचं." लिहून टाका, मुलगा सांभाळतो. केस बंद.

याच्यातूनही एखादीचं नाव 'ड' यादीत, म्हणजे घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत, निघालं तर घाबरू नका, पुढं पैसे आहेत. प्रधानमंत्री आवासचे 1 लाख 20 हजार, राज्यानं 2025 मध्ये त्यात 50 हजार वाढवून देतो म्हणून सांगितलं, संडासाचे 12 हजार वेगळे. घर किती, तर कमीत कमी 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. एवढ्यात मिस्त्री येते का, रेती येते का, लोहा येते का, हे तिनं पाहायचं. शिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी मिळते, 72 वर्षांच्या बाईनं स्वतःच्या घराच्या विटा स्वतः उचलायच्या, तब्येत चांगली राहते. हप्ता आधीच्या कामाचा फोटो चढल्याशिवाय येत नाही, आणि काम हप्ता आल्याशिवाय सरकत नाही. बरं, आधार लावायला गेलं तर जन्मभर कापूस वेचून बोटाच्या रेषा गेलेल्या, मशीन म्हणते पुन्हा ठेवा. पुन्हा ठेवा. हात पुसून ठेवा. पोट्टा सांगते सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या, ती म्हणते बरं.

मतदानाचं मात्र वेगळं असते. 2024 ला लोकसभेत अन् विधानसभेत दोन्ही वेळा 85 वर्षांवरच्यांच्या घरी टीम गेली, कर्मचारी, पोलीस, सोबत व्हिडिओवाला, खाटेवर बसल्या बसल्या मत घेतलं. केंद्रावर रॅम्प, व्हीलचेअर, सावली. म्हणजे घरापर्यंत जाता येते, रस्ता सापडतो, हे सिद्ध झालेलं आहे. यावरून काही शिकू नका.

आणि कोणी वकील लागून गेलेला 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा काढेल. त्यात आहे खरं, दर जिल्ह्याला निदान एक वृद्धाश्रम, निराधारांसाठी, कमीत कमी 150 जणांची सोय. विदर्भाचे जिल्हे 11, म्हणजे 1650 खाटा. पण त्यात राज्य सरकारला मुभा आहे, सक्ती नाही, आणि आपण तर ग्रामपंचायत, आपल्याकडं बोट कोण दाखवणार? तुम्ही म्हणा, वरून आदेश आला की करू. वरचे म्हणतील, खालून प्रस्ताव आला की करू. मी तर म्हणतो याच्यापेक्षा स्वस्त घरकुल कोणतंच नाही, कारण यादीत नंबर लागेपर्यंत खाटाच कमी लागतात.

तरी विकास दिसला पाहिजे, म्हणून सिमेंटचे चार बेंच आणा. पाठीवर "ज्येष्ठ नागरिकांसाठी" बारीक अक्षरात, खाली "यांच्या स्थानिक विकास निधीतून" ठळक. झाडाखाली ठेवू नका, नाव वाचता येत नाही. उन्हात ठेवा. दुपारी बारा ते पाच तिथं माणूस सोडा कुत्रंही बसत नाही, म्हणजे नाव दिवसभर मोकळं दिसते.

शेवटी तारखा सांभाळा. 1 ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन असते, त्या दिवशी सगळ्यात म्हातारे पाच-सहा जण गोळा करून शाल-नारळ द्या, ऑक्टोबरच्या गर्मीत शाल अंगावर टाकून फोटो होईपर्यंत उभे ठेवा, बसायला खुर्च्या पाहुण्यांना लागतात. भाषणात घरकुलांची घोषणा करून टाका, टाळ्या मिळतात. दुसऱ्या दिवशी 2 तारखेची ग्रामसभा. तिथं हा विषय "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय" यात सगळ्यात शेवटी ठेवा, तिथपर्यंत पोहोचायच्या आधीच कोणाला तरी मोजायला लावा. शंभर माणसं भरणार नाहीत, सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही हे लक्षात असू द्या. ती आठवडी बाजाराच्या दिवशी लावा, आणि त्याच्यात गट्टूचा ठराव मंजूर करून घ्या.