‘एक थरारक कादंबरी काढा, मग बघा’ : तेलाच्या बाबतीत हे का चालत नाही

एक दावा बराच फिरतो आहे आणि वाचणाऱ्या मंडळींना तो मनापासून आवडतो. खनिज तेल संपत चाललंय हे आकडे नि अहवाल देऊन लोकांच्या डोक्यात शिरत नाही. एखादी गाजणारी कादंबरी, सिनेमा किंवा वेबसिरीज आली की शिरेल, असा तो दावा. पुरावे ठरलेले असतात. अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीनं अमेरिकेत कायदा बदलला. ‘मॅड मॅक्स’ या ऑस्ट्रेलियन सिनेमानं धोका आधीच सांगितला होता. टीव्हीवरचा ‘ऑइल स्टॉर्म’ खरा ठरला. अणुयुद्धावरचा ‘द डे आफ्टर’ बघून राष्ट्राध्यक्ष रेगन हादरले. तेव्हा मराठीतही कोणीतरी असं काहीतरी लिहायलाच हवं.

ऐकायला छान आहे. एकेक पुरावा हातात घेतला की मात्र तो निसटायला लागतो.

‘सिंक्लेअरनं कायदा बदलला.’ बदलला, पण कोणता? ‘द जंगल’ १९०६च्या फेब्रुवारीत पुस्तकरूपानं आली आणि ३० जूनला मांस-तपासणीचा आणि अन्न-औषधशुद्धीचा असे दोन कायदे झाले. सिंक्लेअरला दाखवायचे होते शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या कामगारांचे हाल. वाचकांनी पाहिलं ते आपल्या ताटातलं मांस, आणि त्यांना मळमळलं. लोकांच्या हृदयावर नेम धरला होता, तो चुकून पोटावर लागला, असं तो स्वतःच नंतर म्हणाला. शिवाय अन्नशुद्धीसाठी हार्वी वायली हे सरकारी रसायनतज्ज्ञ कितीतरी वर्षं आधीपासून झगडत होते, आणि त्या कायद्याचं विधेयक सिनेटनं पुस्तक आलं त्याच महिन्यात मंजूर केलं होतं. म्हणजे शेवटचा धक्का कादंबरीचा, वाट आधीची.

दावा करणारे एक गोष्ट सांगायची विसरतात. याच सिंक्लेअरनं १९२७ साली थेट तेलावर कादंबरी लिहिली, ‘ऑइल!’ नावाची. दक्षिण कॅलिफोर्नियातली तेलाची झुंबड, जमिनींची लबाडी, लाचखोरी, संप, सगळं तिच्यात आहे. तीही गाजली, पण बॉस्टनमध्ये तिच्यावर बंदी आली म्हणून, आणि ती बंदीसुद्धा एका शृंगारिक प्रसंगामुळे. सिंक्लेअरनं आक्षेपार्ह पानांवर अंजिराचं पान छापून बॉस्टनच्या रस्त्यावर प्रती विकल्या. तोच लेखक, तोच संताप. जमिनीखालच्या तेलाबद्दल कोणाला काही वाटलं असं दिसत नाही.

‘मॅड मॅक्सनं आधीच सांगितलं होतं.’ इथे तर क्रमच उलटा आहे. पहिला सिनेमा १९७९चा. त्याचे सहलेखक जेम्स मॅककॉसलंड यांनी पुढे लिहून ठेवलंय की ही कल्पना १९७३च्या तेलटंचाईनंतर सुचली. पंपांवर पेट्रोल मिळेना तेव्हा साधी ऑस्ट्रेलियन माणसं टाकी भरण्यासाठी कशी हातघाईवर आली, हे त्यांनी पाहिलं होतं. तेलामुळे जग कोसळलं हे नीट सांगितलं जातं तेही १९८१च्या दुसऱ्या भागात. ‘थ्री डेज ऑफ द कॉन्डॉर’ या अमेरिकी हेरपटाचं उदाहरण तर याहून बोलकं. मूळ कादंबरीत कटाचा विषय होता हेरॉइनची तस्करी. १९७५ साली सिनेमा झाला तेव्हा हेरॉइन गेलं आणि आखाती तेल आलं. अरब देशांच्या तेलबंदीनंतर कच्च्या तेलाचा भाव तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या आसपास गेला होता, आणि प्रेक्षक कशाला घाबरतोय हे हॉलिवूडला बरोबर कळतं. पेट्रोलच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला रांगेचीच गोष्ट सांगितली, ती त्याला आवडली. आणि पेट्रोल वाचवण्यासाठी अमेरिकेत ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा १९७४च्या जानेवारीत आली, गाड्यांच्या मायलेजचा कायदा १९७५ला. ‘मॅड मॅक्स’ तेव्हा जन्मायचा होता.

‘ऑइल स्टॉर्म खरा ठरला.’ हा पुरावा नीट बघायला हवा, कारण खरा घोळ इथे आहे. जून २००५मध्ये अमेरिकी टीव्हीवर हा काल्पनिक माहितीपट दाखवला गेला. लुइझियानावर चक्रीवादळ आदळतं, तेलाची वाहतूक कोलमडते, भाव भडकतात. २९ ऑगस्टला खरोखरच कॅटरिना वादळ तिथे आलं. योगायोग अंगावर काटा आणणारा आहेच. पण वादळानं तेल थांबतं, संपत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या सदस्य देशांनी राखीव साठ्यातून सहा कोटी पिंपं बाजारात आणली आणि काही महिन्यांत भाव खाली आले. ज्या प्रेक्षकाला हा सिनेमा म्हणजे तेल संपण्याची गोष्ट वाटली, तो यातून काय शिकला? थोडे दिवस कळ काढली की सगळं पूर्ववत होतं, हेच.

तेलक्षेत्र आटतं ते असं नाही. आतला दाब कमी होतो, मग पाणी किंवा वायू आत सोडून दाब टिकवावा लागतो, मग वर येणाऱ्या द्रवात तेल कमी नि पाणी जास्त होत जातं, आणि तेवढ्याच तेलासाठी दरवर्षी जास्त विहिरी खणाव्या लागतात. मेक्सिकोचं कांतारेल हे जगातल्या सर्वांत मोठ्या समुद्री तेलक्षेत्रांपैकी एक. २००४ साली तिथून दिवसाला एकवीस लाखांच्या आसपास पिंपं निघत होती. सहा-सात वर्षांत आकडा पाच लाखांच्या घरात आला. वादळ आलं नाही, युद्ध झालं नाही, कोणी खलनायक नव्हता. उत्तर समुद्रातलं ब्रिटनचं उत्पादन १९९९ला शिखरावर पोचलं आणि उतरायला लागलं. यावर थरारपट कसा काढणार? दुसऱ्या अंकात काय होणार, दाबमापकाचा काटा थोडा आणखी खाली?

‘घाबरवल्याशिवाय लोक जागे होत नाहीत.’ इथे मी थोडी माघार घेईन. ‘द डे आफ्टर’ नोव्हेंबर १९८३मध्ये दहा कोटी लोकांनी एका रात्रीत पाहिला, आणि त्याआधीच तो बघून आपण फार खिन्न झालो अशी नोंद रेगन यांच्या डायरीत आहे. पण अणुबॉम्बचं बटण दोन-चार माणसांच्या हातात होतं, आणि त्यांच्यातलाच एक तो सिनेमा बघत होता. शिवाय जून १९८२मध्येच न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध दहा लाखांच्या घरात माणसं जमली होती. तेलाला असं बटण नाही. ते आपण सगळे मिळून रोज थोडंथोडं जाळतो.

भीतीची दुसरी अडचण म्हणजे तिला तारीख लागते. एप्रिल १९७७मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशाला बजावलं होतं की पुढच्या दशकाच्या अखेरीपर्यंत जगातले सगळे ज्ञात तेलसाठे वापरून संपू शकतात. १९८६ला तेलाचे भाव कोसळले आणि हा इशारा पोकळ वाटायला लागला. भूगर्भतज्ज्ञ किंग हबर्ट यांनी १९५६मध्ये याहून सावध विधान केलं होतं: अमेरिकेचं उत्पादन १९६५ ते १९७०च्या दरम्यान शिखर गाठेल. १९७०ला ते झालंही. पण २००८ला दिवसाला पन्नास लाख पिंपांपर्यंत घसरलेलं उत्पादन खडक फोडून काढल्या जाणाऱ्या शेल तेलामुळे २०२३ला जवळजवळ एकशे तीस लाखांवर गेलं, आणि २० एप्रिल २०२० रोजी तर अमेरिकी तेलाचा वायदेभाव उणे ३७ डॉलर झाला. जगबुडीची कादंबरी वाचून बसलेल्या माणसानं त्या दिवशी ‘हे सगळं थोतांडच होतं’ म्हटलं, तर त्याला दोष कसा द्यायचा? शेलची विहीर पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच झपाट्यानं आटते, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेलीच नसते.

राहिला मराठीचा मुद्दा. तेल आटण्याचं आपल्या दारातलं उदाहरण म्हणजे बॉम्बे हाय. ‘सागर सम्राट’ या रिगनं १९७४ला तिथे तेल शोधलं, १९७६ला उत्पादन सुरू झालं. ऐंशीच्या दशकात दिवसाला चार लाखांहून जास्त पिंपं निघत होती, देशाची निम्म्याहून जास्त गरज देशी तेलावर भागत होती. आता तिथून साधारण त्याच्या एक तृतीयांश तेल निघतं, देश पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त कच्चं तेल आयात करतो, आणि ओएनजीसीनं २०२५च्या जानेवारीत उत्पादन वाढवण्यासाठी बीपी या कंपनीला तांत्रिक मदतीला घेतलं. आपल्याला बॉम्बे हाय आठवतं ते जुलै २००५ची प्लॅटफॉर्मवरची आग आणि २०२१च्या तौक्ते वादळात बुडालेला बार्ज म्हणून. दोन्हींत माणसं गेली, दोन्ही बातम्या झाल्या, दोन्हींवर वेबसिरीज निघू शकते. उत्पादन घसरल्याची बातमी अर्थविषयक पानाच्या कोपऱ्यात असते, आणि थरारक लेखकही तिकडे बघणार नाही.

मग कथेला काहीच जमलं नाही का? २००७ला अमेरिकेत ‘वर्ल्ड विदाउट ऑइल’ नावाचा एक खेळ झाला. बत्तीस दिवसांत बत्तीस आठवड्यांची तेलटंचाई कल्पायची आणि आपल्या गावात आपलं काय होतंय ते रोज लिहायचं. कामावर कसं जाणार, भाजी कुठून येणार, शेजाऱ्याशी कसं पटणार. एकोणीसशेच्या आसपास लोक त्यात सामील झाले. ‘मॅड मॅक्स’मधल्या वाळवंटी टोळ्यांपेक्षा हे मला कितीतरी खरं वाटतं, पण एकोणीसशे म्हणजे लोकजागृती नव्हे. अब्देलरहमान मुनीफ हे तर पेशानं तेल-अर्थतज्ज्ञ. त्यांनी अरबी गावात तेल आल्यावर माणसांचं काय होतं याची मोठी कादंबरीमाला लिहिली. अमिताव घोष यांनी १९९२मध्ये तिच्याविषयी लिहिताना तेलावर मोठं साहित्य जवळजवळ नाहीच अशी खंत केली होती. मुनीफ कोणाला जागं करायला बसले होते असं मला वाटत नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं.

तेव्हा बॉम्बे हायचं तेल जिथे येतं त्या उरणवर, बॉम्बे हायवर, चौदा-चौदा दिवस समुद्रात काढणाऱ्या कामगारांवर कोणी कादंबरी लिहिणार असेल तर जरूर लिहावी. मी विकत घेईन. फक्त मलपृष्ठावर ‘तेलसंकटाची जाणीव करून देणारी’ असं छापू नये.