डिप्लोमा विचारलात, काम का नाही विचारलं?

आज मामाला घेऊन गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका कारखान्यात गेले होते. जनरेटर सांभाळायला माणूस हवाय असं कळलं होतं. समोरच्या मुलाने अर्ज घेतला, शिक्षणापुढे 'नववी' वाचलं आणि कागद बाजूला सारला. "काका, निदान आयटीआय तरी हवं होतं." झाली मुलाखत! कामाचा एक प्रश्न नाही. डोकं अजून तापलेलं आहे म्हणून लिहितेय.

हा माणूस मिसरूड फुटायच्या आधी बार्ज, म्हणजे नदीतून माल नेणाऱ्या सपाट बोटी, दुरुस्त करणाऱ्या गॅरेजात शिरला. मांडवी-जुवारीतून मुरगावला खनिज नेणाऱ्या बार्जींवर सांखळी-डिचोलीकडची किती घरं चालली, ते तुम्हाला मी काय सांगू? मी लहान असताना मामाचा डबा घेऊन आमोण्याच्या धक्क्यावर गेले होते. भरलेली बार्ज अडकून पडलेली. इंजिन ओढेना, नुसता काळा धूर. पदवीवाले साहेब म्हणत होते, इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, खोला. म्हणजे दिवस गेला! मामाने चालू इंजिनावर पाना लावला आणि एकेका सिलिंडरच्या डिझेल पाइपचा नट जरा जरा सैल करत गेला. नट सैल केला की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं आणि इंजिनाचा आवाज पडतो. पहिल्याला पडला, दुसऱ्याला पडला, तिसऱ्याला ढिम्म फरक नाही. "हाच झोपलाय." त्याचा डिझेल फवारणारा इंजेक्टर बदलला, बार्ज भरतीच्या आत सुटली.

ही युक्ती पुस्तकात असते, मान्य. पण त्या धडधडाटात आवाज नेमका कुठे पडला, हे त्याच्या कानाला कळलं. तो कान अर्जात कुठे लिहायचा?

२०१२ मध्ये खाणी बंद, मग जरा सुरू, मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद. बार्जी नदीकाठी गंजत पडल्या आणि मामासारखे लोक एका रात्रीत 'अशिक्षित' ठरले. आदल्या दिवसापर्यंत ते मेस्त्री होते हो!

त्या मुलावर राग नाही माझा. त्याला वरून रकाना दिलाय, तो भरतोय. बिचारा स्वतःही कर्ज काढून शिकला असेल. डॉक्टरला पदवी हवीच, पूल बांधणाऱ्यालाही हवी, तिथे वाद नाही. पण जनरेटर? तिथेच शेडमध्ये उभा होता. न्यायचं होतं मामाला त्याच्यापाशी, म्हणायचं होतं, काका, चालू करून सांगा काय दुखतंय याचं. पाच मिनिटांत कळलं असतं. साहेबांना हेड खोलायला लावणारं इंजिन ज्याने एका पान्याने ओळखलं, त्याला तुम्ही नववीवरून ओळखता?

आणि आपणही तेच करतो. पोरगं बीकॉम होऊन सरकारी भरतीची वाट बघत घरी बसलं तरी 'शिकलेलं', आणि म्हापशाच्या गॅरेजात हात काळे करणारं 'वाया गेलेलं'. लग्नाच्या बोलणीत हे ऐकून ऐकून वीट आलाय.

कोणीतरी लिहीलच, म्हणून आधीच सांगते: २०१५ पासून कौशल्य विकास योजनेत अंगच्या कामाची परीक्षा घेऊन दाखला द्यायची सोय आहे, आरपीएल म्हणतात. चांगली आहे, तोही दाखला काढू. पण तोवर घर कशावर चालवायचं?

माझ्या यादीत कारखानेवाले, ट्रॉलरवाले, हॉटेलवाले आहेत. डिझेल इंजिनाला माणूस हवा असेल तर इनबॉक्स करा. मामा येईल. बिघडलेलं इंजिन पुढ्यात ठेवा, मग पगाराचं बोलू.