‘एकदा ओरडून मोकळे व्हा’ या सल्ल्याविषयी

पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक सल्ला वरचेवर फिरत असतो: राग मनात कोंडू नका, मुलावर एकदा ओरडून मोकळे व्हा, तुमचे डोके शांत होईल, मुलाला वळण लागेल आणि पोटात माया असली की मूलही ते विसरून जाईल.

ओरडल्याने डोके शांत होते, हे आधी तपासू. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डिवचल्या गेलेल्या काही जणांना, डिवचणाऱ्याला मनात आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले होते. नुसत्या बसून राहिलेल्यांपेक्षा त्यांचीच आक्रमकता अधिक भरली. घरीही हेच घडते. संध्याकाळी कुकरच्या शिट्या चालू असतात, मुलगा ‘सात आठे’पाशी तिसऱ्यांदा अडतो, आवाज चढतो आणि बघता बघता पाढा बाजूला राहून परवाची हरवलेली पाण्याची बाटली, गेल्या चाचणीचे गुण आणि ‘अगदी बापावर गेला आहेस’ इथपर्यंत मजल जाते. (बाप तेव्हा शेजारच्याच खोलीत असतो, हे वेगळे.)

वळणाचे म्हणाल, तर मूल गप्प बसते एवढेच खरे. त्या शांततेमुळे उपाय लागू पडल्यासारखे वाटते आणि पुढच्या खेपेस आवाज आणखी लवकर चढतो; सात आठे छप्पन्न मात्र तेव्हाही आलेले नसतात.

मायेचा मुद्दा सर्वांत लोभस आहे. अमेरिकेतील ९७६ कुटुंबांच्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिंग-ते वांग आणि सारा केनी यांना असे आढळले की, तेराव्या वर्षी ज्यांना कठोर शब्द ऐकावे लागले, त्या मुलांमध्ये पुढे बेशिस्त वर्तन आणि नैराश्याची लक्षणे वाढली, आणि आईवडिलांच्या जिव्हाळ्याने हा परिणाम सौम्य झाला नाही. मुलांच्या बेशिस्तीमुळे पालकांचे शब्द अधिक कठोर झाल्याचेही त्यातच दिसले. म्हणजे दोष एकट्या पालकांचा नाही.

राग कोंडू नये, एवढे मात्र त्या सल्ल्यातले मान्य करायला हवे, कारण भावना लपवताना शरीरावरचा ताण वाढतो, असे मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसले आहे. परंतु कोंडणे आणि ओरडणे यांच्या मधोमध बरीच जागा आहे. ‘मला आत्ता फार राग आला आहे, पाच मिनिटांनी बोलू’ असे सांगून गॅस बंद करून गॅलरीत जाता येते. आणि तरीही तोल गेलाच, तर नंतर जवळ बसून म्हणता येते, ‘मी ओरडायला नको होते. पाढा मात्र पाठ करायचाच आहे.’