भाकर, पाव आणि पंखा

बोंबील फ्राय ताटात पडल्यावर पाच मिनिटांत खाल्ला नाही तर तो लोळागोळा होतो, हे देवालाही माहीत असणार, पण माझ्या पोरांना नाही.

रात्री जेवणाआधीच्या प्रार्थनेत "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" इथे धाकटी अडली. आपण भाकर कुठे खातो, आपण तर पाव खातो ना? आता आम्ही मुंबईतल्या मरोळचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, मी कौतुकाने सांगून बसले की पाव हा शब्दच मुळी पोर्तुगीजांकडून आलाय आणि त्यांच्या भाषेतल्या या प्रार्थनेत पावच मागतात. झालं! तेव्हापासून ती ठासून "रोजचा पाव" म्हणते आणि मोठा हळूच "मस्का लावून" जोडतो.

आभार शिकवायचे म्हणून लूकच्या शुभवर्तमानातली दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगितली, दहा बरे झाले, थँक्यू म्हणायला परत आला एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका. मोठा म्हणाला, पण येशूनेच सांगितलेलं ना की याजकांकडे जाऊन दाखवा, मग ते नऊ जण तर सांगितलेलं ऐकत होते! बावीस वर्षं ही गोष्ट ऐकतेय, मला कधी सुचलं नाही. म्हटलं, गप जेव.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा, आमचा सुगीचा सण, चर्चमध्ये भाताच्या नव्या लोंब्या आशीर्वादाला नेतात. आमची शेतं कधीच गेली, तांदूळ मोबाईलवरून येतो, त्यामुळे धाकटीने पिकासोबत डिलिव्हरीवाल्या अंकलचेही आभार मानले. हे मात्र बरोबरच होतं.

पण मग यादी वाढायला लागली, सूर्य, चंद्र, वॉचमन, लिफ्ट, लिफ्टमधला आरसा, आणि इकडे बोंबील गार. म्हणून मी नियम केला, आज खरंच जे घडलं त्याचेच आभार, बाकी काही नाही.

आणि नेमके त्यानंतरच्याच रविवारी फादर जेवायला आले. सगळे हात जोडून उभे, आजींनी डोक्यावर पदर घेतलेला, फादर म्हणाले आज प्रार्थना धाकटी करील. धाकटीने डोळे गच्च मिटले.

"थँक्यू येशू, फादर येणार म्हणून मम्मीने आज पंखे पुसले. ख्रिसमसनंतर पहिल्यांदाच. आणि माळ्यावरच्या चांगल्या प्लेट्स काढल्या, त्या उद्या परत वर जाणार. आमेन."

मी डोळे उघडले तेव्हा फादर वर पंख्याकडे बघत होते.